डिस्क अस्सल, तरी गेम का अडतो?

जुन्या बाजारातून घेतलेल्या गेमच्या सीडीवर ओरखडा नसतो, गेम इन्स्टॉलही होतो. पण सुरू करताना सीडी आत असूनही ‘सीडी घाला’ असा संदेश येतो. २००० च्या आसपासच्या अनेक गेममध्ये ‘सेफडिस्क’ ही नक्कलविरोधी यंत्रणा असे. सीडीवरचे काही भाग मुद्दाम न वाचता येणारे ठेवत. साध्या नकलेत ते उतरत नसत. हे तपासणारा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसे, त्यामुळे त्यातली त्रुटी म्हणजे घुसखोराला आत शिरायला वाट. २०१५ च्या विंडोज १० मधून तो वगळला गेला. सुरक्षेसाठी हे योग्यच, असं कुणी म्हणेल; मलाही पटतं. पण तपासणी वगळणारा पॅच देणं हे गेम विकणाऱ्यांचं काम होतं, आणि ते सगळ्यांनी केलं नाही. त्याची झळ बसते ती अस्सल सीडी विकत घेणाऱ्यालाच.