वनपट्ट्यापासून भांडवलापर्यंत

सातपुड्याच्या डोंगररांगांतून नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरत जाणारा अक्कलकुवा तालुका हा नंदुरबार जिल्ह्याचा, गुजरातच्या सीमेला लागून असलेला भाग होय. मोलगीच्या परिसरात भिल्ल व पावरा कुटुंबे डोंगरउतारावर ज्वारी, मका आणि भगर पिकवितात. उन्हाळ्यात कैऱ्यांच्या फोडी वाळवून आमचूर तयार करतात. जमीन आहे, बैलजोडी आहे, कष्टाची तयारी आहे. तरीही दारिद्र्य हटत नाही. असे का व्हावे?

एक विचार

पेरू देशातील अर्थशास्त्रज्ञ हेर्नांदो द सोतो यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रश्नाचे एक उत्तर मांडले. त्यांच्या मते, विकसनशील देशांतील गरिबांकडे मालमत्ता नसते असे नाही. तिच्यावरील त्यांचा हक्क कायद्याच्या दप्तरी नोंदलेला नसतो. घर राहण्यापुरते आणि शेत पिकविण्यापुरतेच उपयोगी पडते. ते तारण ठेवून कर्ज मिळत नाही. अशा मालमत्तेला त्यांनी ‘मृत भांडवल’ म्हटले. हक्काची नोंद करा, म्हणजे भांडवल जिवंत होईल, असा या विचाराचा सारांश आहे. अक्कलकुव्याच्या अनुभवावर तो ताडून पाहणे उद्बोधक ठरेल.

कसणारा एक, नोंद दुसरी

या डोंगरात पूर्वी काठीसारखी मेवासी संस्थाने होती. तेथील शेतजमिनींची रीतसर मोजणी व नोंद सपाटीवरील गावांप्रमाणे झाली नाही. पुढे यांपैकी बऱ्याचशा जमिनींची नोंद वन म्हणून झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या कसणारे कागदोपत्री अतिक्रमक ठरले. अशा शेतांना स्थानिक लोक ‘नेवाड’ म्हणतात. नेवाड कसणाऱ्यास दंड भरावा लागे आणि केव्हा उठविले जाईल याचा भरवसा नसे. ज्या शेताचा पुढील वर्षाचा भरवसा नाही, तेथे बांध घालण्यास कोण धजेल?

सरदार सरोवर प्रकल्पात या प्रश्नाची तीव्रता अधिकच जाणवली. अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने विस्थापित खातेदारास जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचे तत्त्व मान्य केले. परंतु खातेदार कोणास म्हणावे? कसणाऱ्याच्या पुनर्वसनाचा हक्क दप्तरातील एका ओळीवर अवलंबून राहिला.

वनहक्क कायदा

संसदेने २००६ साली वनहक्क मान्यता कायदा संमत केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कुटुंब प्रत्यक्ष कसत असलेली, जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंतची वनजमीन या कायद्याने त्याच्या हक्काची होते. दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो, नंतर उपविभागीय समितीकडे जातो आणि जिल्हास्तरीय समिती त्यावर अंतिम निर्णय देते. गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, शेतातील जुना बांध किंवा विहीर हेही पुरावे ग्राह्य आहेत. जी दंडाची पावती एकेकाळी अपराधाची खूण होती, तीच अनेकांच्या बाबतीत हक्काचा पुरावा ठरली!

पट्टा पती व पत्नी या दोघांच्या नावे दिला जातो. तो वारसाहक्काने पुढील पिढीकडे जातो. मात्र त्याची विक्री अथवा हस्तांतरण करता येत नाही.

तारण नाही, तर भांडवल कसे?

द सोतो यांचा विचार नेमका येथे अडतो. जी जमीन विकता येत नाही, ती लिलावात काढून बँकेला कर्ज वसूल करता येणार नाही. मग हे बंधन काढून टाकावे काय? याचे उत्तर शेजारच्या शहादा परिसराच्या इतिहासात मिळते. तेथील सपाटीवरच्या आदिवासींकडे जमिनी होत्या. कर्जापायी त्या हातच्या गेल्या आणि मालक स्वतःच्याच शेतावर सालदार झाला. अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली १९७१-७२ मध्ये तेथे चळवळ उभी राहिली. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत मिळवून देण्यासाठी राज्यात कायदा करावा लागला. विक्रीवरील बंधनामागे असा अनुभव आहे.

परदेशातील अनुभवही विचारात घेण्यासारखा आहे. अर्जेंटिनात ब्यूनोस आयर्सच्या उपनगरात १९८१ मध्ये मोकळ्या जागेवर वसलेल्या काही कुटुंबांना पुढे मालकीपत्रे मिळाली, तर त्यांच्या शेजाऱ्यांना ती मिळाली नाहीत. अभ्यासकांना असे आढळले की, मालकीपत्र मिळालेल्यांनी घरे सुधारली आणि मुलांना अधिक शिकविले. कर्जाच्या उपलब्धतेत मात्र फारशी वाढ झाली नाही. म्हणजे पट्ट्याचे पहिले फळ कर्ज नसून निश्चिंती हे होय. निश्चिंत मनाचा शेतकरीच बांध घालतो, आंबा लावतो.

पुढील वाट

भांडवलासाठी जमीन गहाण ठेवणे हाच एक मार्ग नाही. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून तारणाशिवाय द्यावयाच्या शेतीकर्जाची मर्यादा १ लाख ६० हजार रुपयांवरून २ लाख रुपये केली आहे. पट्टेधारकाची नोंद दप्तरात स्पष्ट असेल, तर पीककर्जासाठी ती उपयोगी पडते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात वनहक्क हा एक प्रमुख प्रश्न होता, यावरून या नोंदीचे महत्त्व ध्यानी येते.

दुसरा मार्ग सामूहिक हक्काचा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे ग्रामसभेने स्वतः बांबूची विक्री केली. सातपुड्यातील मोह, चारोळी, आमचूर यांनाही हीच रीत लागू पडू शकेल. घरात पैसा नसला, की आमचूर वाळताच मिळेल त्या भावाने विकावा लागतो. तो साठवून योग्य भावाची वाट पाहण्याची ताकद गटाने किंवा सहकारी संस्थेने दिली, तर तेच भांडवल ठरेल.

पट्टा म्हणजे दारिद्र्याच्या वाटेवरून परतण्यासाठी टाकलेले पहिले पाऊल होय. पुढील पाऊल कर्जाचे, साठवणुकीचे आणि बाजाराचे आहे. ते पडले, तर कागदावर मिळालेला हक्क डोंगरउतारावरील घराच्या कणगीपर्यंत पोहोचेल.