पूर येण्याआधी काठ वाचा

सेलू तालुक्यात हिंगणीजवळ बोर नदीवर धरण आहे. पण धरण असले म्हणून खालच्या गावांनी निर्धास्त राहू नये. धरणाखाली कोसळणारा पाऊस नाल्यांतून थेट नदीत उतरतो. वर्धा नदीने 30 जुलै 1991 रोजी मोवाड गाव उद्ध्वस्त केले, ते विदर्भ विसरलेला नाही.

पूरसंरक्षक भिंत किंवा बांध एकदा बांधून भागत नाही. पाहणी मे महिन्यातच, चालत करावी. आधी पायथा पाहावा; प्रवाह तिथली माती खरवडतो आणि भिंत अधांतरी राहते. भिंतीतली निचऱ्याची छिद्रे बुजली, तर मागे साचलेले पाणी तिला ढकलते. मातीच्या बांधात उंदीर-घुशींची बिळे आणि झाडांची मुळे पाण्याला वाट देतात. पलीकडच्या उतारावर गढूळ पाणी झिरपू लागले, तर आतून माती वाहत आहे; तातडीने कळवावे. पुलांच्या गाळ्यांतला कचरा, झुडपे काढावीत.

पूर ओसरल्यावर पुन्हा फेरी मारावी, नोंद ठेवावी. वेळेवर बुजवलेले एक बीळ अख्खी वस्ती वाचवू शकते.