जस्त आधी झिजायला हवं

1 जून ते 31 जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी ओढून वर घेतात, शाकारतात, आणि एरवी पाण्याखाली असलेला धातू डोळ्यांसमोर येतो: पंखा, त्याचा शाफ्ट, सुकाणूची बिजागरं, इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक. खड्डे पडलेला भाग काढायचा आणि नवा बसवायचा, एवढ्यालाच आपण दुरुस्ती म्हणतो. माझ्या मते ते अर्धंच काम आहे. लोखंड एकटंही गंजतं हे खरं, पण बोटीचा एखादाच भाग शेजारच्या भागांपेक्षा झपाट्यानं खाल्ला जात असेल, तर बहुधा त्याला खाणारा दुसरा धातू जवळच असतो. तो न शोधता नवा भाग बसवला, तर तोही त्याच वाटेनं जातो.

हा धडा आरमारांना फार महागात मिळाला. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव म्हणून ब्रिटिशांनी 1761 मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले. वेस्ट इंडीजहून ती परतल्यावर, 1763 मध्ये तपासणी झाली, तेव्हा तांबं शाबूत होतं, पण त्याला भिडलेले लोखंडी खिळे पार खाल्ले गेले होते. जिथे पत्र्याच्या गुंडाळीचा तपकिरी कागद मध्ये राहून गेला होता, तिथले खिळे मात्र वाचले. लोखंड, तांबं आणि खारं पाणी एकत्र आलं की विजेचं मंडल पूर्ण होतं आणि त्यातला अधिक क्रियाशील धातू विरघळतो. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीनं 1824 मध्ये हेच तत्त्व उलटं वापरलं: तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला, की तो तुकडा झिजतो आणि तांबं टिकतं. आज शाफ्टवर किंवा सुकाणूवर बसवतात तो जस्ताचा ठोकळा म्हणजे डेव्हीचाच उपाय. म्हणून किनाऱ्यावर घेतलेल्या बोटीत मी सर्वांत आधी जस्त पाहायला सांगेन. अर्धं झिजलं असेल तर ते काम करतंय, बदला. पण वर्षभरानंतरही ते कोरं करकरीत असेल, तर खूश होण्यासारखं काही नाही. कुणीतरी त्यावर रंग फासला आहे किंवा बोल्टखाली गंज बसून जोड तुटला आहे. तिथला धातू घासून चकचकीत करावा आणि मल्टिमीटर लावावा; जस्त आणि ज्या भागाचं रक्षण करायचं तो भाग, यांच्यामधला रोध एक ओहमच्या आत हवा.

पितळेची परीक्षा वेगळी. साध्या पितळेत 40 टक्क्यांपर्यंत जस्त असतं. खाऱ्या पाण्यात तेच आधी निघून जातं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो, ज्याचा आकार मात्र बदलत नाही. पातीनं खरवडल्यावर पिवळं दिसलं तर ठीक. गुलाबीसर दिसलं आणि हातोडीच्या टोल्याला खणखणीत आवाज न येता बद्द आवाज आला, तर तो कॉक एपॉक्सीनं बुजवू नये, काढूनच टाकावा. नवा घेताना नळकामाच्या दुकानातलं पितळ नको, ब्राँझ घ्यावं.

मग जस्त भरपूरच का लावू नये, असं कुणी विचारेल. डेव्हीच्या वाट्याला याचं उत्तर आलं: विरघळणं थांबलेल्या तांब्यावर शिंपले-शेवाळ माजलं, जहाजं मंदावली आणि आरमारानं तो उपाय सोडला. लाकडी बोटीत तर जास्तीच्या जस्तामुळे धातूभोवती अल्कली तयार होते आणि फळी मऊ पडते, म्हणजे बिजागर शाबूत आणि त्याचा आधार भुसभुशीत. दुसरा आक्षेप असा, की हे जाणकाराचं काम आहे. शाफ्टची सरळ रेषा साधणं किंवा पंख्याचं वेल्डिंग, हे आहेच. पण गेल्या वर्षभरात कोणता दिवा, कोणता पंप, कोणती तार नव्यानं जोडली, हे मालकाइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं, आणि तळातल्या पाण्यात पडलेल्या एका उघड्या तारेतून गळणारी बॅटरीची वीज, दोन धातूंच्या जोडीला जे करायला महिने लागतात ते काही दिवसांत करते. बोट पुन्हा पाण्यात गेल्यावर एखाद्या मोठ्या ओहोटीला ती टेकली, की जस्त पुन्हा पाहावं. इतक्यातच ते संपत आलं असेल, तर मोठा ठोकळा विकत आणण्याआधी बॅटरीची जोडणी सोडवून एकेक तार तपासायला घ्यावी.