मोरी : ताटात, जाळ्यात की भाल्यावर?

पुणेकराला ‘मोरी’ म्हटलं की खरकटी भांडी आठवतात. मालवणकराला आठवतो गरम मसाल्याचा वास. कारण तिकडे मोरी म्हणजे शार्क! हो, तोच तो, सिनेमातला. रायगडकडचे कोळी त्याला मुशी म्हणतात, लहान जातीची असली तर सोनमुशी. पुण्यातल्या मालवणी खानावळींच्या मेन्यूकार्डावर ‘मोरी मसाला’ पापलेट-सुरमईच्या खाली गुपचूप उभा असतो. ‘शार्क? छे, मी नाही बुवा खाणार!’ म्हणणारी कित्येक मंडळी तो वड्यांबरोबर चापून आलेली असतात.

चव विचाराल तर सॉलिड. मोरीला काटे नसतात, नुसती कूर्चा असते, आपल्या कानाच्या वरच्या भागात हाताला लागते तशी. त्यामुळे पोरंसोरंही बिनधास्त खातात. कातडं मात्र सॅण्डपेपरसारखं. उकळतं पाणी ओतून ते खरवडावं लागतं. मग भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, गरम मसाला, कोकम... म्हणजे जवळजवळ मटणासारखाच थाट. आणखी एक गोष्ट: शार्कच्या अंगात युरिया भरपूर असतो आणि मेल्यावर त्याचा अमोनिया होतो. म्हणजे शिळी मोरी थेट पुणेरी मोरीसारखी वासते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या ग्रुपमध्ये सध्या गाजत असलेला प्लॅन. आयटीतली चार-पाच मंडळी वीकएण्डला तरणतलावात फ्री-डायव्हिंगचा सराव करताहेत. पाठीला टाकी नाही, नळी नाही, छातीत मावेल तेवढा श्वास घ्यायचा आणि खाली जायचं. मीही त्यांच्यात आहे. पाण्यात तोंड घालून दोन मिनिटं निपचित पडलं की डोक्यातली डेडलाइन कशी गायब होते, ते सांगून कळणार नाही. तर या मंडळींपैकी एकाचं म्हणणं, ‘नुसतं खाली जाऊन वर काय यायचं? स्पीअरगन घेऊ, समुद्रात उतरू, एक शार्क मारू आणि किनाऱ्यावर भाजून खाऊ. मोरी खातोच ना आपण?’

हसण्यावारी न्यावं असा हा प्रश्न नाही. उलट त्याची बाजू वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. मोरी मसाल्याचा शार्क बहुतेक वेळा जाळ्यात आलेला असतो. जाळं निवड करत नाही. हव्या माशासोबत नको तेही येतं, पिल्लंही येतात, कधी कासवंही. भालेवाला मात्र एका श्वासात एकच मासा बघतो, ठरवतो आणि मारतो. स्वतःच्या हातानं मारून खाणारा माणूस एसीत बसून ऑर्डर देणाऱ्यापेक्षा जास्त प्रामाणिक, असंही म्हणता येईल. मला हे पटतं. सुरमईच्या बाबतीत तर पूर्ण पटतं.

घोडं अडतं ते ‘बघतो आणि ठरवतो’ या दोन शब्दांवर.

जुलै २००१ मध्ये केंद्र सरकारनं शार्क आणि पाकट यांच्या झाडून सगळ्या जाती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात टाकल्या. म्हणजे मोरी आणि वाघ एकाच रांगेत! मच्छीमारांचा विरोध झाला आणि डिसेंबरपर्यंत यादी १० जातींवर आली. व्हेल शार्क, करवतीसारख्या नाकाचे मासे, गंगा शार्क, पाँडिचेरी शार्क वगैरे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर (लागू १ एप्रिल २०२३) ही यादी पुन्हा लांबली. पहिल्या परिशिष्टातला प्राणी मारला तर तीन ते सात वर्षं कैद. आता गंमत बघा. पाँडिचेरी शार्क दिसायला इतर करड्या शार्कसारखाच. तज्ज्ञसुद्धा मासा टेबलावर घेऊन दात आणि पर तपासतात. तुम्ही गढूळ पाण्यात, छातीत हवा संपत आलेली, समोरून सावलीसारखं काहीतरी सरकतंय. कोणती जात? पटकन सांगा!

मालवणलाच जाऊ म्हणाल, तर तिथल्या समुद्राचा २९ चौरस किलोमीटरचा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ला त्यातच येतो. तिथे स्कूबावाले पर्यटकांना मासे दाखवायला नेतात, मारायला नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी शार्कचा हिशेब वेगळा आहे. बांगडा लाखोंनी अंडी टाकतो. कानमुशी, म्हणजे हातोडीसारख्या डोक्याचा शार्क, वयात यायलाच कित्येक वर्षं घेतो, मग पिल्लं जवळपास वर्षभर पोटात वागवतो. २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार खुल्या समुद्रातल्या शार्क-पाकटांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली आहे, आणि मुख्य कारण मासेमारीच. आपली सोनमुशी त्या मानानं चटपटीत. जेमतेम पाऊण मीटरची, एक-दोन वर्षांत वयात येणारी, एका वेतात डझनभर पिल्लंही देणारी. म्हणजे ताटात यायला त्यातल्या त्यात बरी ती हीच. पण पाण्याखाली स्पीअरगन घेतलेला हीरो हातभर सोनमुशीवर नेम धरेल? फोटोत काय दिसणार मग? त्याला मोठाच हवा. आणि मोठी मादी म्हणजे नेमकी पिल्लं देणारी.

भालेवाल्यांनीच दिलेला एक दाखला मला फार आवडतो. ऑस्ट्रेलियाचा रॉडनी फॉक्स १९६३ मध्ये भाल्यानं मासे मारण्याच्या स्पर्धेत उतरला असताना ग्रेट व्हाइट शार्कनं त्याला जबड्यात धरलं. शेकडो टाके पडले, माणूस वाचला. पुढे तो शार्कच्या बाजूनं बोलू लागला. तिथलाच रॉन टेलर १९६५ चा जगज्जेता भालेवाला. त्यानं आणि बायको व्हॅलरीनं भाले ठेवले आणि कॅमेरे उचलले. ‘जॉज’मधल्या खऱ्या शार्कची दृश्यं या दोघांची. कंटाळले म्हणून नव्हे, तर मारताना जे दिसत होतं तेच जास्त भारी वाटायला लागलं म्हणून, असं माझं मत.

आणि ताटातल्या मोरीबद्दल? कोकणात बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी देतात. आज्यांशी वाद घालायची माझी टाप नाही, पण शार्क दुसऱ्या माशांवर जगतो, म्हणून त्या सगळ्यांमधला पारा त्याच्या अंगात साठत जातो. अमेरिकेतली अन्न-औषध यंत्रणा गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना शार्क टाळायलाच सांगते. मासा जितका मोठा आणि म्हातारा, तितका पारा जास्त. भाल्यानं मारलेल्या ‘ट्रॉफी’चा नंबर इथेही वरचा.

मी स्वतः वर्षातून एक-दोनदा मोरी खाते, तीही छोटी असल्याची खात्री करूनच. भाला घेऊन मात्र उतरणार नाही, आणि आमच्या हीरोला तसं सांगितलंही आहे. तो अजून कुरकुरतोय. ‘निदान सुरमई तरी?’ त्यावर चर्चा चालू आहे. कुठे परवानगी आहे ते आधी शोध, आणि जोडीदाराशिवाय उतरायचं नाही, कारण श्वास रोखलेला माणूस वर येता येता शेवटच्या काही मीटरमध्ये बेशुद्ध पडू शकतो, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

तुम्हाला मोरी घ्यायचीच असेल तर सकाळी लवकर गणेश पेठेच्या मासळी बाजारात जा. कापलेले तुकडे घेऊ नका, अख्खा मासा दाखवा म्हणा. हातभर लांबीचा असेल तर बघा, आणि नाकाजवळ धरा. अमोनियाचा जरा जरी भपकारा आला तरी परत ठेवा, मावशी काहीही म्हणोत.