पऱ्हाटीचा धूर आणि गरोदरपणातली साखर

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की नाचणगावच्या शिवारात पऱ्हाट्या उपटायला सुरुवात होते. वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातलं, पुलगावला लागूनच असलेलं हे गाव कापसाच्या पट्ट्यात येतं. उपटलेल्या पऱ्हाट्यांतल्या काही बांधावरच पेटवल्या जातात आणि बाकीच्या तुराट्यांसोबत सरपण म्हणून घरी येतात. या भागात गॅस आता बहुतेक घरांत पोचला आहे. चहा आणि भाजी त्यावर होते. आंघोळीचं पाणी मात्र अनेक घरी अजूनही मागच्या अंगणातल्या चुलीवरच तापतं. थंडीच्या पहाटे गार हवेचा थर जमिनीलगत बसलेला असतो, त्यामुळे धूर वर चढत नाही आणि अंगणात, ओसरीवर रेंगाळत राहतो. अशा वेळी चूल पेटवणारी बहुधा घरातली सून असते, आणि कधीकधी तिला दिवस गेलेले असतात.

या धुराने खोकला येतो, डोळे चुरचुरतात, हे सांगायला कोणी डॉक्टर लागत नाही. पण गरोदर बाईच्या रक्तातली साखर, चरबी आणि बाळापर्यंत पोचणारं पोषण यांतही हाच धूर ढवळाढवळ करतो. ती कशी होते, हे टप्प्याटप्प्याने पाहण्यासारखं आहे.

पऱ्हाटी पूर्ण जळत नाही. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो, काजळी निघते आणि पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण निघतात. माणसाचा केस याच्या वीस-तीस पट जाड असतो. नाकातले केस आणि घशातला चिकट पदार्थ मोठी धूळ अडवतात, हे कण मात्र थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जातात. त्यांतले अतिसूक्ष्म कण तिथून रक्तातही उतरतात. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे बाई दर मिनिटाला एरवीपेक्षा साधारण ४० ते ५० टक्के जास्त हवा आत घेते, कारण बाळालाही प्राणवायू पुरवायचा असतो. म्हणजे त्याच चुलीपाशी, तेवढाच वेळ बसूनही तिच्या वाट्याला इतरांपेक्षा जास्त धूर येतो.

आता तिच्या शरीरात एरवी काय चाललेलं असतं ते पाहू, कारण धुराचा घाव नेमका तिथे बसतो. पहिल्या काही महिन्यांत शरीर साठवण करतं. खाल्लेलं चरबीच्या रूपात बाजूला ठेवलं जातं. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून चित्र पालटतं. वार, म्हणजे प्लॅसेंटा, अशी संप्रेरकं सोडू लागते की आईच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. इन्सुलिनचं काम रक्तातली साखर पेशींत शिरू देण्याचं. ते मंदावलं की साखर रक्तात जास्त वेळ राहते आणि वारेतून बाळाकडे जाते. आईचं शरीर स्वतःची भूक साठवलेल्या चरबीवर भागवतं. घरातली बाई सगळ्यांना वाढून मग आपल्या ताटाकडे वळते, तसंच हे. निरोगी गरोदरपणातही शेवटच्या महिन्यांत इन्सुलिनचा परिणाम जवळपास निम्म्याने घटतो, आणि तो भरून काढायला स्वादुपिंड दुपटीहून अधिक इन्सुलिन तयार करतं. जोवर ते पुरं पडतं, तोवर साखर आटोक्यात राहते. ते कमी पडलं की गरोदरपणातला मधुमेह होतो.

ही तारेवरची कसरत चालू असतानाच धूर येतो. फुप्फुसातल्या संरक्षक पेशी ते कण गिळायला धावतात आणि झुंजताना टीएनएफ-अल्फासारखी दाहकारक द्रव्यं रक्तात सोडतात. इन्सुलिन पेशीच्या दारापर्यंत पोचतं, पण त्याचा निरोप आत नेणाऱ्या प्रथिनांची साखळी ही द्रव्यं मध्येच अडवतात. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. गरोदरपणात वारही टीएनएफ-अल्फा तयार करत असते आणि इन्सुलिनची धार कमी करण्यात त्याचा वाटा असतो. निसर्गाने बाळासाठी मोजून मापून वापरलेल्या वाटेवरच धूर आणखी भार टाकतो. यकृत आणि चरबीच्या पेशी त्याच दाहात सापडतात. दुसरीकडे कणांसोबत आलेली रसायनं पेशींमध्ये ऑक्सिडेशनचा ताण वाढवतात. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशींची या ताणाविरुद्धची ढाल मुळातच पातळ असते. म्हणजे इन्सुलिनची गरज वाढते आणि ते तयार करणाऱ्या पेशी थकत जातात, दोन्ही एकाच वेळी.

कार्बन मोनॉक्साइडचं काम वेगळं आहे. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला सहज सोडत नाही. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या गरोदर बायांना पंडुरोग आहे. आधीच हिमोग्लोबिन कमी, त्यात काही हिस्सा या वायूने अडवलेला. प्राणवायू अपुरा पडला की वारेची पोषण पुढे पोचवण्याची ताकद घटते. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये वारेची तपासणी केली, तेव्हा बाळाच्या बाजूलाही काजळीचे कण सापडले. त्या माता धूम्रपान करणाऱ्या नव्हत्या.

बाळावर याचे परिणाम दोन उलट दिशांनी होतात. आईची साखर वाढली तर ती बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन वार ओलांडत नाही. बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त तयार करतं आणि त्याच्या अंगावर चरबी साठते. वार दुबळी झाली तर बाळ लहान राहतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत नव्वदच्या दशकात सुरू केलेल्या अभ्यासात दिसलं की आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, चरबी मात्र तितकीशी कमी नव्हती. लहानखुऱ्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त, आणि पुढे मधुमेहाकडे झुकणारी ठेवण. याज्ञिकांचा अभ्यास मातेच्या पोषणाचा होता, धुराचा नव्हता. पण आईच्या शरीरातली गडबड बाळाला आयुष्यभर पुरते, हे त्यातून आपल्याच मातीत दिसलं.

धुरावरचे अभ्यासही जवळचे आहेत. नागपूर आणि बेळगाव परिसरातली गावं सामील असलेल्या एका बहुदेशीय पाहणीत लाकूड-गोवऱ्यांवर स्वयंपाक होणाऱ्या घरांत जन्माच्या आगेमागे दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जास्त आढळलं. ती पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. दिल्ली आणि चेन्नईत १२ हजारांहून अधिक प्रौढांचा काही वर्षं मागोवा घेतला, तेव्हा हवेतले सूक्ष्म कण जास्त तिथे उपाशीपोटीची साखरही चढलेली दिसली. गरोदरपणातल्या मधुमेहाशी या कणांचा संबंध चीन आणि अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसतो. तो फार मोठा नाही, पण पुन्हा पुन्हा दिसतो.

एक निकाल मात्र विचारात पाडणारा आहे. भारतासह (इथे तामिळनाडूत) चार देशांत ३२०० गरोदर बायांपैकी निम्म्यांना गॅस दिला गेला. त्यांच्या श्वासातले सूक्ष्म कण दुसऱ्या गटाच्या जवळपास एक तृतीयांशावर आले. तरी २०२२ मध्ये निकाल लागला तेव्हा बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. गॅस निरुपयोगी, असा याचा अर्थ काढणं मला पटत नाही. त्या बायांना अभ्यासात घेतलं तेच नवव्या ते विसाव्या आठवड्यांच्या दरम्यान, गॅस मिळाला तो त्यानंतर, आणि तोवर वार बरीचशी घडून गेलेली असते. शिवाय तिथे मोजलं ते बाळाचं वजन, आईची साखर नव्हे. चुलीपासून दूर जायचं तर ते लवकर जायला हवं, एवढं यातून मी घेतो.

वर्ध्याला हा विचार नवा नाही. नाचणगावहून तीसेक किलोमीटरवर, वर्ध्याच्या मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाने १९४७ च्या सुमारास धुराडं असलेली मगन चूल पुढे आणली. स्वयंपाकघरातला धूर घराबाहेर काढणं हाच तिचा हेतू होता. आज ज्या घरी चूल सुटत नाही, तिथे निदान ती उघड्यावर असावी, पऱ्हाटी वाळलेली असावी, आणि दिवस गेल्याचं कळताच पाणी तापवण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कोणी, पुरुषांनीही, हाती घ्यावं. बाळंतिणीच्या बाजेखाली बंद खोलीत पेटती शेगडी ठेवण्याची पद्धतही थांबायला हवी. तिथे कार्बन मोनॉक्साइड थेट आई आणि बाळाच्या उशाशी साठतो.

साखरेची तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. उपाशी असण्याची गरज नाही. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर आधी आहार बदलायचा, गरज पडली तर औषध घ्यायचं. सरकारी नियमाप्रमाणे ही तपासणी दोनदा होते. पहिली नाव नोंदवताना आणि दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. दुसरी सर्वांत महत्त्वाची, कारण इन्सुलिनची खरी परीक्षा तेव्हाच सुरू झालेली असते. आणि नेमक्या याच सुमारास, सातव्या महिन्यात, ओटी भरून मुलगी माहेरी जाते. सासरच्या आशाताईंना वाटतं माहेरी होईल, माहेरच्यांना वाटतं सासरी झाली असेल. म्हणून सासरच्या माणसांना सांगणं आहे की ओटीचा दिवस ठरवण्याआधी ही दुसरी तपासणी करून घ्या, तिचा आकडा माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या आणि ते कार्ड तिच्यासोबत द्या. माहेरच्यांनीही ती यायच्या आधी चूल तिच्या खोलीपासून लांब हलवावी.