फेड

आमच्या पुस्तकांच्या कपाटात एक खण जुन्या कॅमेऱ्यांचा आहे. आमच्या सौभाग्यवती त्याला अडगळ म्हणतात, मी संग्रह म्हणतो. सारे कॅमेरे किल्लीच्या घड्याळासारखे, सेलवाचून चालणारे. खिडकीतून पाहावे, तो समोरच्या माणसाच्या दोन आकृती दिसतात. भिंगाचे कडे फिरवीत गेले की फिकी आकृती सरकत सरकत दुसरीवर येऊन बसते, अंतर जुळले! मग शेजारच्या खिडकीतून चौकट पाहून कळ दाबायची. तोवर लहान मूल पळून गेलेले असते, ते निराळे!

वेट्सलारच्या लायकाचा दरारा मोठा. माझा जीव मात्र जडला आहे तो त्याच्या १९३२ सालच्या नमुन्याची नक्कल असलेल्या 'फेड'वर. खारकोव्हजवळ माकारेंको या शिक्षकाने बेघर मुलांची वसाहत चालविली होती. १९३४ पासून तेथे हा कॅमेरा तयार होऊ लागला. काल रस्त्यावर भटकणारी पोरे आज भिंगे घाशीत होती! नाव मात्र गुप्त पोलिसांचा प्रमुख झेर्झिन्स्की याच्या आद्याक्षरांचे.

पुढे लबाडांनी याच फेडवर लायकाचे नाव कोरून ते खपविले. पारख सोपी आहे. भिंग उतरवून आत पाहावे : लायकात वाटोळे चाक असते, फेडमध्ये उतरती जीभ. संग्राहक असल्या कॅमेऱ्याला नुसते 'नकली' म्हणून बाजूला सारतात. मला मात्र खरवडून काढलेल्या त्या मूळ अक्षरांचेच वाईट वाटते.

२०२२ पासून खारकोव्हचे नाव बॉम्बहल्ल्यांच्या बातम्यांत वाचतो आहे. परवा फेडमध्ये फिल्म भरली. टोक कात्रीने निमुळते कापून तळातून सरकवावी लागते. छत्तीसांपैकी अकरा चित्रे उरली आहेत. ती भाऊबीजेला जमणाऱ्या भाचरांसाठी राखून ठेविली आहेत.