विश्लेषण : यकृत प्रत्यारोपण झालेल्या मुलांना करोनाचा धोका किती? बिरसीसारख्या गावातील पालकांनी काय लक्षात ठेवावे?

प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे रोज घेणाऱ्या मुलांना करोनाचा सर्वाधिक फटका बसेल, अशी भीती २०२० च्या सुरुवातीला जगभरातील यकृततज्ज्ञांना होती. प्रत्यक्षात चित्र बरेच वेगळे निघाले. तरीही ही मुले पूर्ण सुरक्षित आहेत, असा त्याचा अर्थ नाही. त्यांच्यासाठी खरा धोका कुठे असतो आणि गोंदिया जिल्ह्यातील बिरसीसारख्या, प्रत्यारोपण केंद्रापासून दूर असलेल्या गावात काय काळजी घ्यावी लागते, याविषयी…

मुलांना यकृत प्रत्यारोपण कशासाठी करावे लागते?

लहान मुलांमधील प्रत्यारोपणाचे सर्वात मोठे कारण म्हणजे ‘बिलिअरी अट्रेसिया’. यात यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नलिका जन्मतःच किंवा जन्मानंतर काही आठवड्यांत बंद होतात. पित्त आतच साचते आणि यकृत कडक होत जाते. याशिवाय काही आनुवंशिक आजार, अचानक यकृत निकामी होणे आणि यकृताचा कर्करोग ही अन्य कारणे आहेत. भारतात मुलावरील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीतील अपोलो रुग्णालयात झाले. जेमतेम २० महिन्यांच्या त्या मुलाला वडिलांनी यकृताचा भाग दिला होता. आजही आपल्याकडे बहुतांश मुलांना आई, वडील किंवा जवळचा नातेवाईकच यकृताचा तुकडा देतो.

प्रत्यारोपणानंतर शरीर नव्या यकृताला परके समजून त्यावर हल्ला करू नये, यासाठी टॅक्रोलिमससारखे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते. सुरुवातीच्या काळात त्याच्या जोडीला स्टेरॉइडही असते. या औषधांमुळे प्रतिकारशक्ती मंदावते आणि साध्या सर्दी-तापाचीही धास्ती वाटू लागते.

बर्गामोमध्ये काय आढळले?

इटलीतील बर्गामो शहर मार्च २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या मोठ्या लाटेत होरपळले. याच शहरात मुलांच्या यकृत प्रत्यारोपणाचे युरोपातील एक मोठे केंद्र आहे. तेथील बालयकृततज्ज्ञ डॉ. लोरेन्झो डी’अँटिगा यांनी त्याच महिन्यात आपल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. केंद्राच्या देखरेखीखाली प्रत्यारोपण झालेली सुमारे २०० मुले होती. स्वप्रतिरक्षा यकृतविकाराची १०० आणि यकृताच्या कर्करोगासाठी केमोथेरपी घेणारी २० मुले वेगळी. त्या वेळेपर्यंत यातील तिघांना संसर्ग झाल्याचे आढळले होते, मात्र एकालाही फुफ्फुसाचा आजार झाला नव्हता.

आकडा लहान होता, निरीक्षणाचा काळही थोडा होता. पण औषधे घाईघाईने कमी करू नका, हा संदेश जगभरातील केंद्रांना वेळेवर मिळाला. पुढे अनेक देशांतील ९१ मुलांची नोंद एकत्र करून झालेल्या अभ्यासातही हाच कल दिसला. प्रत्यारोपण झालेल्या मुलांचा आजार बहुधा सौम्य राहिला.

औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेली असूनही आजार सौम्य का?

करोनाच्या गंभीर रुग्णांमध्ये विषाणूइतकेच नुकसान शरीराची बेफाम प्रतिक्रिया करते. आठवड्याभरानंतर फुफ्फुसांत तीव्र दाह होतो आणि श्वास अडकतो. स्टेरॉइड प्रकारातील डेक्सामेथासोन हे स्वस्त औषध गंभीर रुग्णांचे प्राण वाचवते, हे ब्रिटनमधील चाचणीने जून २०२० मध्ये दाखवले, त्यामागेही हेच कारण होते. प्रत्यारोपणानंतरच्या औषधांमुळे हा दाह काहीसा आवरला जात असावा, असा एक अंदाज आहे.

दुसरे कारण वयाचे. मुलांच्या नाकातील पेशी विषाणूला सुरुवातीलाच जोरकस प्रतिकार करतात. मोठ्यांमधील मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपानाने खराब झालेली फुफ्फुसे हे प्रश्नही मुलांमध्ये क्वचितच असतात. मात्र प्रतिकारशक्ती दबलेल्या मुलाच्या शरीरात विषाणू अधिक दिवस राहू शकतो. त्यामुळे घरातील इतरांपेक्षा त्याला बरे व्हायला वेळ लागू शकतो.

मग धोका कोणाला अधिक?

ज्यांचे यकृत आधीच निकामी होत आहे आणि प्रत्यारोपण अजून झालेले नाही, अशा मुलांना. वर उल्लेखलेल्या नोंदींमध्ये अतिदक्षता विभागात दाखल होण्याचे प्रमाण या मुलांत बरेच जास्त होते. पोटात पाणी होणे, कावीळ वाढणे, रक्ताच्या उलट्या अशी लक्षणे असलेल्या मुलाला कोणताही संसर्ग महागात पडतो. प्रत्यारोपणानंतरचे पहिले काही महिने, म्हणजे औषधांचे डोस जास्त असतात तो काळही जोखमीचा. जास्त वजन, मूत्रपिंड किंवा फुफ्फुसाचा जोडआजार असेल तरीही दक्षता हवी.

भीतीपोटी औषध बंद केले तर?

हा विषाणूपेक्षा मोठा धोका ठरू शकतो. टॅक्रोलिमसचे डोस चुकले, तर शरीर यकृत नाकारू लागते. सुरुवातीला मुलाला काहीही त्रास जाणवत नाही, फक्त रक्ततपासणीत यकृताची एन्झाइम्स वाढलेली दिसतात. कावीळ दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. संसर्ग गंभीर असेल तर डॉक्टर काही औषधे तात्पुरती कमी करतात, पण तो निर्णय प्रत्यारोपण केंद्राचाच असतो.

टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी अगदी नेमकी लागते. कमी झाली तर यकृत धोक्यात, वाढली तर मूत्रपिंडाला इजा. जुलाब झाले तरी ही पातळी वाढू शकते. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके, फ्लुकोनॅझोलसारखी बुरशीविरोधी औषधे आणि करोनावरील रिटोनाविर असलेल्या गोळ्या यांनी ती झपाट्याने वर जाते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनने ती खाली येते. म्हणून गावातील डॉक्टरांकडे नेताना मुलाचे प्रत्यारोपण झाले आहे, हे आधी सांगावे आणि चालू औषधांची चिठ्ठी दाखवावी. तापासाठी वजनानुसार ठरलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल चालते. आयब्रुप्रोफेन मात्र टाळावे, टॅक्रोलिमससोबत ते मूत्रपिंडावर ताण आणते.

काढा, गुळवेल यांचे काय?

करोनाकाळात प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी घरोघरी काढे उकळले गेले. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. तो वाद बाजूला ठेवला, तरी प्रत्यारोपण झालेल्या मुलापुरते उत्तर सरळ आहे. ज्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवली आहे, त्याला ती वाढवणारे काहीही देणे म्हणजे एका हाताने ब्रेक दाबून दुसऱ्या हाताने गाडी पुढे ढकलण्यासारखे आहे. पपनसासारखी फळेही टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात, त्यामुळे तीही टाळावीत.

लशींबाबत काय काळजी घ्यावी?

भारतात १५ ते १८ वयोगटाचे करोना लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजी, तर १२ ते १४ वयोगटाचे १६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले. १२ वर्षांखालील मुले सरकारी मोहिमेत आली नाहीत. प्रत्यारोपित रुग्णांमध्ये लशीचा परिणाम तुलनेने कमी होतो. म्हणून त्यांच्याभोवती असलेल्या आई, वडील, भावंडांनी लस घेणे हेच त्यांचे कवच ठरले. फ्लूच्या इंजेक्शनलाही हेच लागू आहे.

गोवर-रुबेला, कांजिण्या, तोंडावाटे दिला जाणारा पोलिओ डोस या जिवंत विषाणूंच्या लशी आहेत. प्रत्यारोपणानंतर त्या साधारणपणे दिल्या जात नाहीत, म्हणून शक्य तितक्या आधीच पूर्ण कराव्या लागतात. पल्स पोलिओच्या दिवशी घरी आलेल्या पथकाला मुलाच्या आजाराची कल्पना द्यावी. घरातील इतर बाळांना तोंडावाटे डोस द्यायचा की इंजेक्शन, हेही डॉक्टरांना विचारावे.

बिरसीपासून उपचार किती दूर?

बिरसीची ओळख विमानतळामुळे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी येथे धावपट्टी बांधली. नियमित प्रवासी विमानसेवा मात्र मार्च २०२२ मध्ये आली, काही महिन्यांत थांबली आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणजे २०२० च्या टाळेबंदीत रेल्वेगाड्या थांबल्या, तेव्हा हा पर्यायही नव्हता. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बाळंतपणासाठी बाई गंगाबाई महिला रुग्णालय आहे. पण मोठ्या तपासण्यांसाठी रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवरील नागपूर आणि मुलांच्या प्रत्यारोपणासाठी बहुधा मुंबई, पुण्याची वाट धरावी लागते.

अशा ठिकाणी करोनाकाळाने काही सवयी शिकवल्या. किमान महिनाभराची औषधे घरात हवीत. टॅक्रोलिमसची कंपनी परस्पर बदलू नये. रक्ताचा नमुना जवळ देऊन अहवाल फोनवर केंद्राला पाठवता येईल का, हे आधीच ठरवून घ्यावे. ताप उतरत नसेल, मूल सुस्त झाले, श्वास जलद चालू लागला, लघवी कमी झाली, औषध वारंवार उलटून पडले किंवा डोळे पिवळे दिसले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रत्यारोपणाची वेळच टाळता येईल का?

काही मुलांमध्ये ती टळते, निदान लांबते. बिलिअरी अट्रेसियावर ‘कसाई’ नावाची शस्त्रक्रिया आहे. बाळ ६० दिवसांचे होण्याआधी ती झाली, तर यश मिळण्याची शक्यता अधिक असते. त्यासाठी महागडी तपासणी नव्हे, आधी शीचा रंग पाहावा लागतो. दोन आठवड्यांनंतरही कावीळ टिकून असेल, शी पांढुरकी किंवा मातकट आणि लघवी गडद पिवळी होत असेल, तर ती साधी कावीळ नाही. बाळाला उन्हात धरून दिवस काढू नयेत.

आशा स्वयंसेविका नवजात बाळाला पाहायला ४२ व्या दिवसापर्यंत अनेकदा घरी येतात. या भेटींत शीच्या रंगाचा एक प्रश्न विचारला आणि आईने तो लपवला नाही, तर शस्त्रक्रियेसाठी हाताशी अजून दोन-तीन आठवडे उरतात. तेवढ्या दिवसांत बिरसीहून नागपूर नक्की गाठता येते.